सातव्या महिन्यात माहेरी जाण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 23, पहिलं बाळंतपण, पंचविसावा आठवडा चालू. माहेर परभणी जिल्ह्यातल्या एका गावात. सध्या नवऱ्यासोबत चाकण एमआयडीसीजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा कंपनीत कंत्राटी कामगार. आतापर्यंत खासगी दवाखान्यात दोनदा तपासणी आणि दोन सोनोग्राफ्या झाल्या. गेल्या आठवड्यात हिमोग्लोबिन 8.4 आलं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण मळमळ व्हायची आणि शौच काळं व्हायचं, म्हणून दहा दिवसांत बंद केल्या. सासूबाईंचं म्हणणं, या गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि एवढं मोठं होतं की सिझर करावंच लागतं. गर्भवतीचं सरकारी तपासणी-कार्ड काढलेलं नाही, कारण ‘सातव्यात माहेरी जायचंच आहे, तिथेच काढू’. नवऱ्याला सरकारी दवाखाना नको आहे, आणि खासगीचा खर्च परवडणारा नाही. प्रश्न असा: रीतीप्रमाणे सातव्यात माहेरी जाऊ, की इथेच थांबू? पुढे एक ओळ: ‘धाकट्या बहिणीचं नुकतंच लग्न झालंय, तिला आधीपासून काय सांगू?’

ताई,

माहेर की चाकण, या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण तुमच्या पत्रात माझं लक्ष अडकलं ते दोन साध्या वाक्यांवर. एक, ‘गोळ्या बंद केल्या’. दुसरं, ‘कार्ड तिथेच काढू’. ही दोन्ही कामं तुम्ही माहेरावर ढकलली आहेत. तुम्ही अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या आठवड्यात गावी पोचाल. मग पाहुणे, डोहाळजेवण, आशाताई कधी भेटतील ते बघणं, पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा गोळ्या. बत्तिसावा आठवडा कसा उजाडला ते कळणारही नाही. म्हणजे आजपासून सात आठवडे तुमचं नाव कोणाच्याच वहीत नसेल, ना इथल्या, ना तिथल्या. कामासाठी गाव सोडलेल्या कितीतरी मुलींचं गर्भारपण नेमकं याच खिंडीत अडकतं. बाळंतपण माहेरी करायला काही हरकत नाही. मधली फट मात्र ठेवू नका.

आधी रक्ताचं बघू. गर्भारपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, धरतात. 10 ते 10.9 सौम्य, 7 ते 9.9 मध्यम, 7 च्या खाली तीव्र. तुमचं 8.4 मध्यम गटात येतं. यात तुम्ही एकट्या नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना ॲनिमिया आढळला होता. पण इतक्या जणींना आहे म्हणून तो चालवून घ्यायचा नाही. बाळंतपणात थोडं रक्त जातंच, आणि अर्धा लिटरच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव. 12 हिमोग्लोबिन असलेली बाई त्यातून सावरते. 8 असलेल्या बाईकडे ती शिल्लकच नसते. शिवाय बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

सासूबाईंची काळजी खरी आहे, कारण मात्र चुकीचं आहे. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही. जे लोह आतड्यात शोषलं जात नाही ते बाहेर पडतं, म्हणून शौच काळं होतं. त्याचा ना बाळाशी संबंध, ना पोटातल्या कुठल्या बिघाडाशी. लोहामुळे बाळ अंगानं वाढत नाही. वाढतं ते रक्त. हे तुम्ही स्वतः सांगण्यापेक्षा सासूबाईंना एकदा तपासणीला बरोबर न्या आणि सिस्टरच्या तोंडून ऐकू द्या. सुनेनं सांगितलं तर वाद होतो, सिस्टरनं सांगितलं तर सल्ला होतो.

गोळी सोसत नाही हीसुद्धा खरी अडचण आहे. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असा 180 दिवसांचा नेम आहे. मध्यम ॲनिमियात रोज दोन देतात. तुम्हाला दोनच घ्यायच्या का, हे सिस्टर किंवा डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. पण दोन गोळ्या पहिल्याच दिवशी उपाशीपोटी घेतल्या तर कोणालाही मळमळेल. पहिले चार-पाच दिवस एकच, रात्री जेवणानंतर झोपताना घ्या. ती पचली की दुसरी सुरू करा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. आंबटामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा आणि दूध गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कॅल्शियमच्या गोळीचा. तीही सरकारी दवाखान्यात मिळते: 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. बऱ्याच घरांत ‘एकदाच काय ते घेऊन टाकू’ म्हणत दोन्ही गोळ्या एकत्र गिळतात, आणि कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. गोळ्या पोटात जातात, रिपोर्ट हलत नाही, आणि दोष गोळीवर येतो. दोघींत दोन तास अंतर हवंच. तुमच्या दिवसात ते असं बसेल: सकाळी आठला नाश्त्याबरोबर कॅल्शियम, अकराला लोह, दीडला जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्री झोपताना लोह. चारचा चहा खुशाल घ्या, तो कोणाच्या आड येत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर बॉलपेननं सुरू केल्याची तारीख लिहा. दहा दिवसांनी पाकिटात किती उरल्या ते मोजा, म्हणजे नेम किती पाळला ते समोर दिसेल. शौचाला घट्ट होत असेल तर पाणी, ताक, पेरू, पालेभाजी वाढवा. जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी पहिले तीन महिने झाल्यावर देतात. तुम्हाला मिळाली नसेल तर मागून घ्या.

बीट आणि डाळिंबावर विसंबू नका. लाल रंग म्हणजे लोह नव्हे. मोड आलेली मटकी, शेंगदाणे, पालेभाजीवर पिळलेलं लिंबू, चालत असेल तर अंडं आणि मटण हे सगळं जरूर खा. पण 8.4 वरून वर चढायला नुसतं खाणं पुरत नाही.

दोन गोळ्या नीट चालल्या तर महिन्याला निदान 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. आज सुरुवात केली तर सदतिसाव्या आठवड्यापर्यंत तुमच्या हातात बारा आठवडे आहेत. म्हणजे 11 च्या आसपास पोचण्याइतका वेळ. एका महिन्यानं पुन्हा हिमोग्लोबिन करा. 1 ग्रॅमही वाढलं नसेल तर ‘अजून महिनाभर बघू’ म्हणू नका. शिरेतून लोह देता येतं. उशिरा लक्षात आलेल्या किंवा गोळ्या न सोसणाऱ्या बायकांसाठी तोच मार्ग आहे, आणि तो दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची तपासणी करायची का, तेही तेव्हा विचारा. आणि हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर घरचा उपाय नाही, थेट रुग्णालय.

आता कार्ड. ‘माता आणि बाल संरक्षण कार्ड’ काढायला परभणीचा पत्ता लागत नाही, चाकणचं रेशनकार्डही लागत नाही. गर्भवतीची तपासणी तिच्या गावावर ठरत नाही. ती जिथे राहते तिथे ती व्हायला हवी. अडचण अशी की भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत कोण नवीन आलं आणि कोणाला दिवस गेलेत, हे आशाताईला आपोआप कळत नाही. ती तुमच्या दारी येईपर्यंत थांबू नका. जवळच्या अंगणवाडीत जा आणि ‘आशा कोण, उपकेंद्र कुठे’ एवढं विचारा. जाताना आधार कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि खासगी दवाखान्याची फाइल न्या. शेवटच्या पाळीची तारीख पक्की आठवून ठेवा. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी होती, ती वेळ गेली. त्यावरून कोणी बोललं तर ऐकून घ्या, पण नोंदणी करूनच या.

कार्ड हातात आलं की ते उघडून बघा. तपासणीच्या रकान्यांत तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं आणि साखर, गर्भाशयाची उंची. एखादा रकाना कोरा राहिला तर तिथेच विचारा, ‘सिस्टर, हे राहिलं का?’ रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी यांच्या तपासण्या आणि टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनांच्या तारखा खासगी फाइलमधून उतरवून घ्या. 24 ते 28 आठवड्यांत साखरेची तपासणी असते: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा 140 किंवा जास्त आला तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी तुमच्या याच पंधरवड्यातली आहे, माहेरी जाईपर्यंत तिची वेळ टळेल. नोंदणीबरोबर तुमचा आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी माता-बाल नोंदीतला तुमचा क्रमांक, तयार होतो. तो मोबाइलमध्ये ठेवा आणि कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. माहेरी गेल्यावर दुसरं कार्ड काढू नका. हेच पुढे चालवायला सांगा. दोन कार्डं झाली की तुमचे जुने आकडे नव्या डॉक्टरांना दिसत नाहीत आणि पैशांच्या अर्जातही गोंधळ होतो.

महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी सरकारी केंद्रांवर असते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांना त्या दिवशी डॉक्टर स्वतः बघतात. धोका नसेल तर कार्डावर हिरवा स्टिकर लागतो, जोखमीचं असेल तर लाल. लाल लागला तर घरी रडारड नको. तो स्टिकर पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगतो की या बाईकडे आधी बघा. येणारी 9 तारीख चुकवू नका, त्या दिवशी यजमानांनाही न्या. त्यांचा सरकारी दवाखान्यावरचा राग ऐकीव आहे की अनुभवाचा, ते पत्रात नाही. एकदा आत जाऊन बघितल्यावर मत बदलेलही, न बदललं तरी कार्ड होईल. खासगी डॉक्टर सोडा, असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे दाखवता येतं.

खर्चाचं तुम्ही लिहिलंय म्हणून सविस्तर सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयात नॉर्मल बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या आणि रक्त हे सगळं मोफत आहे. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवणही. न्यायला-आणायला 102 ची गाडी. यासाठी जात किंवा दारिद्र्यरेषा लागत नाही. जननी सुरक्षा योजनेचे पैसे (आपल्या राज्यात ग्रामीण भागात 700, शहरात 600 रुपये) मात्र दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांसाठी आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात: नोंदणी आणि तपासणी झाल्यावर 3,000, बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर 2,000. दुसरं अपत्य मुलगी झाली तर 6,000. ई-श्रम कार्ड, मनरेगा जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड किंवा 8 लाखांपेक्षा कमी उत्पन्नाचा दाखला, यांसारखा एक तरी पुरावा लागतो. पैसे अडकतात ते बहुधा दोन कारणांनी: आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, किंवा खात्याला आधार जोडलेलं नाही. बँकेत जाऊन हे आताच नीट करून घ्या, ओल्या बाळंतिणीला रांगेत उभं राहायला लावू नका.

आणि यजमानांच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) कपात दिसते का बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची 0.75 टक्के कपात होते. ती होत असेल तर बायकोचं बाळंतपणही त्या विम्यात येतं. कंत्राटी कामगारांच्या घरात हे बऱ्याचदा कोणाला माहीतच नसतं.

आता माहेर. पहिलं बाळंतपण आईच्या हाताखाली व्हावं ही ओढ मी मोडीत काढणार नाही. बाळंतिणीला झोप, गरम जेवण आणि हक्काचं माणूस लागतं, आणि एमआयडीसीतल्या एका खोलीत शिफ्टवर जाणारा नवरा ते एकटा कसं देणार? माझा सल्ला असा: जा, पण सातव्याचा मुहूर्त धरून नव्हे. महिनाभर इथे गोळ्या, साखरेची तपासणी आणि 9 तारीख होऊ द्या, हिमोग्लोबिन पुन्हा करा, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर एकतीस ते तेहतीस आठवड्यांच्या दरम्यान निघा. रात्रभराच्या एसटीपेक्षा रेल्वेचा खालचा बर्थ बरा. दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. कार्ड आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

निघण्याआधी आईला एक काम सांगा. गावच्या आशाताईला आधीच भेटून तारीख सांगून ठेवायची आणि बाळंतपण कुठे, ते विचारायचं. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगली बाळंतपणं होतात, पण तिथे सिझर होत नाही आणि रक्त नसतं. तुमचं हिमोग्लोबिन 10 च्या वर चढलं नाही, तर नाव उपजिल्हा किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात घाला. तिथे तीन गोष्टी विचारा: रात्री भूलतज्ज्ञ असतात का, रक्त साठवणूक आहे का, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे का. तुमच्या रक्तगटाचे, वेळेला धावतील असे दोघेजण नात्यात शोधून ठेवा. घरापासून तिथवर रात्री किती वेळ लागतो, ते भावाला एकदा मोजायला सांगा.

कळा सुरू होईपर्यंत थांबायचं नाही अशी काही लक्षणं आहेत. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, फार डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटका, ताप, बसल्याजागी धाप, बाळाची हालचाल कमी वाटणं. रक्तदाब 140/90 किंवा वर असेल तर ‘दगदगीनं झालं असेल’ यावर भागवू नका. यातलं काहीही झालं तर 108 ला फोन. हे आईच्या घरी भिंतीवर लिहून लावा.

बाळंतपणानंतरचं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. नॉर्मल झालं तरी 48 तास रुग्णालयातच राहा. रक्तस्राव होतो तो बहुतेकदा पहिल्या दिवसात. तासाभरात बाळाला अंगावर घ्या, चिकाचं दूध पाजा. मध, बाळगुटी, साखरपाणी काही नको. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर आणखी सहा महिने चालतात. नेमक्या याच गोळ्या माहेरच्या लाडवांच्या डब्यामागे राहून जातात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, दोन्ही चांगलं, पण ते गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, चार दिवस नुसता भातच द्यायचा, हे आईनं करू नये. दूध पाणी आणि अन्नातूनच येतं. बंद खोलीत शेगडीची धुरी बाळाच्या छातीला सोसत नाही. आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हवं. नाही आली तर तुम्हीच निरोप पाठवा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप असेल, एक पाय सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उगाच रडू येणं सर्रास होतं. पण ते दोन आठवड्यांपुढे गेलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप लागेना, मनात मरणाचे विचार आले, तर हे आजारपण आहे, नखरा नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. आईला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.

दुसऱ्या बाळात अंतर हवं असेल तर त्याचा विचार आठव्या महिन्यातच करा. तांबी 48 तासांच्या आत, रुग्णालयातच बसवता येते. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या अंगावर पाजतानाही चालतात, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच 21 दिवसांच्या आत होते, म्हणून चाकणला परतायच्या आधी दाखला हातात घ्या. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसी कार्ड दाखवून दोन्हीकडे मिळतात.

आणि बहिणीला सांगा, मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करायचं. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो, दिवस गेल्याचं पक्कं कळेपर्यंत तो काळ बऱ्याचदा संपत आलेला असतो. तिचं हिमोग्लोबिनही आत्ताच करून घ्या. 12 च्या खाली असेल तर दिवस जायच्या आधी भरून काढायला तिच्याकडे निवांत वेळ आहे, तो तुम्हाला मिळाला नव्हता. तुमच्या पुढच्या तपासणीला ती चाकणला येणार असेल, तर दोघींचं रक्त एकाच दिवशी तपासून होईल.